महिना चुकला म्हणजे काय समजावे?

(माता रमाई जयंतीनिमित्त दाभोळ येथे भरलेल्या महिला व विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त आरोग्यसेविकेने केलेले भाषण)



आज रमाईंची जयंती. वणंद आपल्याच तालुक्यातले. रमाईंचे वडील भिकू धुत्रे याच दाभोळ बंदरावरून माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजारात पोचवीत असत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. रमाईंना पाच अपत्ये झाली, त्यांतले एकटे यशवंत जगले. चार लेकरे मातीआड करणाऱ्या त्या माउलीच्या नावाने आपण येथे जमलो आहोत. अशा दिवशी बाईच्या शरीराविषयी बोलणे अप्रस्तुत आहे असे मला वाटत नाही. पण कार्यकर्त्यांनी विषय फळ्यावर लिहिला तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ हळूच म्हणाले, "बाई, हा विषय बायकांच्या खोलीत ठीक, मंडपात कशाला?" त्यांचा मान राखून मी मंडपातच बोलणार आहे. कारण या अज्ञानाचे परिणाम पुरुषांच्याही वाट्याला येतात, ते पुढे सांगेन.

आणि हा प्रश्न उघड बोलण्याची परंपरा आपल्याच तालुक्याची आहे. रघुनाथ धोंडो कर्वे मूळ मुरूडचे, म्हणजे येथून हाकेच्या अंतरावरचे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. लोक पत्रे लिहीत, जे घरात विचारता येत नाही ते विचारीत, आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे छापीत. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण माणसाला आपल्या शरीराविषयी विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा हक्क आहे ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात मांडली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तोही नामंजूर झाला. तेव्हा आज मंडपात कोणी संकोचू नये.

आता मूळ विषय. माझ्या नोकरीच्या वर्षांत मला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न असा, "नर्सबाई, छाती दुखते, कंबर धरली आहे, चिडचिड होते, काही नको वाटते. पाळी येणार आहे की दिवस गेले?" कोणी आशेने विचारते, कोणी भीतीने. वर्षानुवर्षे पाळणा हलला नाही म्हणून टोमणे खाणारी सून आशेने विचारते. तीन लेकरांची आई भीतीने. कॉलेजची मुलगी तर विचारतच नाही, नुसती दारात उभी राहते.

या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळांना आवडत नाही. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत लक्षणांवरून हे ओळखता येत नाही. मला येत नाही, डॉक्टरला येत नाही, सात बाळंतपणे केलेल्या आजीलाही येत नाही. आजी म्हणते, "मी चालण्यावरून ओळखते." ओळखते खरी, पण ज्या वेळा चुकली त्या वेळा ती कोणाला सांगत नाही.

असे का, ते समजून घ्या. बाईच्या बीजांडकोशातून महिन्याला साधारण एक बीज बाहेर पडते. हे बीज पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. मागच्या पाळीपासून चौदा दिवस मोजायचे, हा हिशोब फक्त अठ्ठावीस दिवसांचे चक्र असणारीला लागू पडतो. कोणाचे चक्र एकवीस दिवसांचे असते, कोणाचे पस्तीस, आणि दोन्ही ठीकच. बीज सुटले की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते आणि ती प्रोजेस्टेरॉन नावाचे द्रव्य रक्तात सोडू लागते. हे द्रव्य गर्भाशयाचे अस्तर मऊ करून ठेवते, म्हणजे घरात पाहुणा येणार म्हणून अंथरूण घालून ठेवावे तसे. पाहुणा येवो न येवो, अंथरूण दर महिन्याला घातले जाते. त्याच द्रव्यामुळे छाती जड होते, पोट फुगते, शौचास साफ होत नाही, झोप येत राहते, कंबर भरून येते. पाहुणा आला नाही तर ती गाठ दहा-चौदा दिवसांत विरते, द्रव्य उतरते आणि पाळी येते. पाहुणा आला तर गाठ टिकते, द्रव्य चढत राहते. म्हणजे दोन्ही वेळी सुरुवातीला शरीरात तेच द्रव्य, तीच कुरकुर. मग लक्षणांत फरक कसा दिसणार?

तरीही थोडे फरक आहेत. पाळीच्या आधीचे दुखणे पाळी सुरू झाली की एक-दोन, फार तर चार दिवसांत ओसरते. दिवस गेले असतील तर ते ओसरत नाही, वाढते. छातीचे दुखणे दोन्हीत असते, पण गर्भ असेल तर पुढे स्तनाग्राभोवतीचा भाग गडद होऊ लागतो. मळमळ काहींना पाळीआधीही होते. पण ज्याला आपण कोरड्या ओकाऱ्या म्हणतो, भाताचा वास नको, फोडणीचा वास नको, ते बहुधा पाळी चुकल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू होते. दहापैकी सात-आठ जणींना हा त्रास होतो. उरलेल्या दोघी-तिघींना काहीच होत नाही, आणि त्या "मला ओकारी नाही, म्हणजे दिवस नाहीत" असे समजून तीन महिने काढतात. लघवीला वारंवार लागणे हेही पाळी चुकल्यावरचे. आंबट खावेसे वाटणे यावर मात्र अजिबात विसंबू नका. पाळीच्या आधी कैरी मागणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे थोडे रक्त दिसणे. गर्भ अस्तरात रुजतो तेव्हा, म्हणजे पाळीच्या तारखेच्या थोडे आधी किंवा तिच्या आसपास, काहींना फिकट गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. एक दिवस, दोन दिवस, कपडा भिजत नाही. बाई समजते पाळी आली, यंदा कमी आली इतकेच. गर्भ राहिलेल्या चार बायकांपैकी साधारण एकीला पहिल्या तीन महिन्यांत कधी ना कधी थोडे रक्त दिसतेच. म्हणून मी नेहमी विचारते, "पाळी नेहमीसारखी आली का? किती दिवस, किती कपडे?"

हे विचारायला मी एकदा विसरले होते. ते सांगितल्याशिवाय हे भाषण खोटे होईल.

सन १९९६. माझे उपकेंद्र खाडीकाठच्या एका गावात होते. भाताची लावणी चालू होती. एक सून, वय तेवीस-चोवीस, दुपारी आली. म्हणाली, "बाई, पाळी आठ दिवस उशिरा आली, पण थोडीच आली, काळपट. डाव्या अंगाला ओटीपोटात कळ येते." बाहेर दहा-बारा बायका पोलिओच्या डोसासाठी पोरे घेऊन बसल्या होत्या. मी म्हटले, उशिरा आलेली पाळी अशीच दुखते. दोन गोळ्या दिल्या, गरम पाण्याने शेक म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी ती चोंढ्यात चिखलातच कोसळली. खांदा दुखतो म्हणत होती, चेहरा पांढराफटक. वाडीतल्या पोरांनी डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणली, तेथून जीपने दवाखान्यात. गर्भ गर्भाशयात न रुजता नळीत रुजला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त साचले होते. ऑपरेशन झाले, एक नळी काढावी लागली, तीन बाटल्या रक्त दिले. ती वाचली. पुढे तिला एक मुलगी झाली. पण त्या तीन दिवसांत ती गेली असती तर ती माझ्या दोन गोळ्यांमुळे गेली असती. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. सासू मात्र म्हणाली, "बाय, तुला तरी कळायला हवं होतं गो." तिचे बरोबर होते.

शंभर गर्भारपणांत एक-दोन वेळा असे घडते. तेव्हा हे घरोघरी सांगा. महिना चुकलेला किंवा नेहमीपेक्षा वेगळा, पोटात एकाच बाजूला कळ, थोडे रक्त, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणे, यातले दोन जमले तरी शेक आणि काढा करीत बसायचे नाही. १०८ ला फोन करून दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाची वाट धरायची. तेव्हा डोली होती, आज गाडी दारात येते.

मग ओळखायचे कसे? तपासणीने. गर्भ रुजला की एचसीजी नावाचे द्रव्य तयार होते आणि लघवीत उतरते. हे द्रव्य मात्र एरवीच्या पाळीआधी नसते. येथेच दोन्ही अवस्थांचा रस्ता फुटतो. आशाताईंकडे 'निश्चय' नावाचे किट मिळते, सरकारकडून फुकट. औषधाच्या दुकानातही मिळते. पाळीची तारीख उलटली की सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या भांड्यात घ्यायची, पट्टीच्या खळग्यात सांगितले तेवढे थेंब टाकायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. दोन रेघा म्हणजे दिवस गेले. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच. फक्त कंट्रोलची एक रेघ म्हणजे अजून दिसत नाही. कंट्रोलची रेघच उमटली नाही तर पट्टी खराब, दुसरी घ्या. मी "अजून दिसत नाही" म्हटले, "नाही" म्हटले नाही. फार लवकर तपासले तर द्रव्य कमी असते आणि पट्टी फसवते. पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा तपासा. अर्ध्या तासाने पट्टी पाहून उगाच रडू नका, हसूही नका, ती वेळ निघून गेलेली असते.

यासाठी एकच गोष्ट आधीपासून हवी, शेवटच्या पाळीची पहिली तारीख. पूर्वी आमच्या आयांना चार दिवस बाजूला बसवत. तो अपमानच होता, धम्माच्या वाटेने आपण तो सोडला, आणि ज्या घरांत अजून उरला असेल तेथे तो सोडावा. पण त्या काळी सुनेची तारीख घरात सगळ्यांना ठाऊक असे. आता कोणी बाजूला बसत नाही हे उत्तमच झाले, फक्त तारीख आपली आपण ठेवायला हवी. दिनदर्शिकेवर पेन्सिलीने बारीक फुली करा. मुलींनी वहीच्या मागच्या पानावर करावी. मोबाईलवर केली तरी चालेल, पण तो दाखवतो तो अंदाज असतो हे ध्यानात ठेवा.

पाळी चुकण्याची दुसरीही कारणे असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा, रात्रपाळी, ताप, फार उपास, अंगावर एकदम चढलेले किंवा उतरलेले वजन, थायरॉइड, बीजांडकोशावरच्या गाठी, चाळिशीनंतरची ऋतुसमाप्तीची सुरुवात. चाळिशीतल्या बायका तर हमखास म्हणतात, "आता जायची वेळ झाली," आणि पाचव्या महिन्यात कळते की पाळी गेली नव्हती, बाळ आले होते. लग्नासाठी किंवा सहलीसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात, त्यांचाही हिशोब चुकतो. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. आठवडा गेला तरी आली नाही तर तपासा.

अंगावर पाजणाऱ्या आयांचे वेगळे सांगते. "दूध आहे तोवर दिवस जात नाहीत" हे अर्धे खरे आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले, रात्रंदिवस फक्त अंगावरच दूध, आणि पाळी अजून न आलेली, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच दिवस राहण्याचा संभव फार कमी असतो. बाळाला पेज सुरू केली की भरवसा गेला. आणि बीज आधी सुटते, पाळी मागून येते. म्हणजे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस जाऊ शकतात. अशी दोन भावंडे प्रत्येक वाडीत आहेत, तुम्ही आता मनातल्या मनात मोजतच असाल.

आता पुरुष मंडळींनी कान द्यावा. आपल्याकडे नवरा मुंबईला, बाई गावाला. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला मुंबईकर येतात, पंधरा दिवस राहतात, जातात. एका घरी असेच झाले. नवरा मुंबईला परतला, मग सुनेला दिवस गेल्याचे कळले. सोनोग्राफीच्या कागदावर लिहिले होते सात आठवडे. सासऱ्यांनी बोटे मोजली. मुलगा गावात आला त्याला पाच आठवडे झालेले. वरचे दोन आठवडे कोठून आले? घरात चूल पेटली नाही. मुंबईला फोन गेला, मुलगा रात्रीच्या गाडीने निघाला तो भांडायच्याच तयारीने. सुनेने विहिरीकडे जाऊ नये म्हणून शेजारीण तिच्यापाशी बसून होती. मला बोलावणे आले तेव्हा मी एवढेच सांगितले की डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, नवऱ्याच्या येण्यापासून नव्हे. बीज त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी सुटते. सातातून दोन वजा केले की पाच उरतात. सासऱ्यांनी पुन्हा बोटे मोजली आणि उठून बाहेर गेले. माफी कोणी मागितली नाही. सुनेला कागद नीट घडी करून ठेवायला मी सांगितले. दोन आठवड्यांच्या अंकगणितावर एक संसार मोडायला निघाला होता, म्हणून मी हा विषय मंडपात आणला.

तपासणीत दिवस गेल्याचे कळले तर उशीर का करू नये, तेही सांगते. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तिच्यासाठी फॉलिक ॲसिडची गोळी हवी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, पहिले तीन महिने. मूल हवे असेल त्या बाईने ती आधीपासूनच घ्यावी. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते, ही योजना २०१६ पासून आहे. आणि शंका आहे तोवर अंगदुखीच्या, मुरमांच्या, कसल्याही गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. एक्स-रे काढण्याआधी "पाळी चुकली आहे" हे तोंडाने सांगायचे.

मूल नको असेल तर? तेही लपवायचे कारण नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, आणि काही ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने तो करता येतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईला तिची स्वतःचीच संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही असे सांगितले. दुकानातून कोणाच्या तरी हाताने गोळ्या मागवून घरात घेऊ नका. नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी जात नाही, आणि रक्त थांबले नाही तर मध्यरात्री धावपळ होते. मुलींनो, घरी सांगायची भीती वाटत असेल तर आशाताईला सांगा, मला सांगा. पहिल्या महिन्यात जे सोपे असते ते पाचव्या महिन्यात सोपे राहत नाही.

आणि तपासणीत काही निघाले नाही, पाळी आली, तर "काही नव्हतेच, नखरे होते" असे म्हणू नये. पाळीआधीचा त्रास हा खरा त्रास आहे. १९३१ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट फ्रँक या डॉक्टरांनी त्यावर प्रथम लिहिले, १९५३ साली इंग्लंडच्या डॉ. कॅथरिना डाल्टन आणि डॉ. रेमंड ग्रीन यांनी त्याला आजचे नाव दिले. त्याच वर्षी आपले कर्वे गेले. मीठ, सुकट, चहा त्या आठवड्यात थोडा कमी करावा, चालावे, झोप घ्यावी. दर महिन्याला मन इतके खचत असेल की जीव नकोसा वाटतो, तर ते स्वभावाचे नव्हे, आजाराचे लक्षण आहे, आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरकडे जाताना दोन-तीन महिन्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. कोणत्या दिवशी सुरू झाले, कोणत्या दिवशी थांबले. पाळीबरोबर थांबत नसेल तर दुखणे दुसरेच काही असते.

माझा वेळ संपला आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले. जेवणाच्या सुट्टीत मी विहाराच्या मागच्या खोलीत बसणार आहे. आशाताई 'निश्चय'च्या पट्ट्या घेऊन आल्या आहेत. दारापाशी एक डबा ठेवला आहे. ज्यांना तोंडाने विचारता येत नाही त्यांनी चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये, फक्त शेवटच्या पाळीची तारीख लिहावी. पुरुषांनीही टाकली तरी चालेल. जयभीम.